हद्दपारीच्या वाटेवरची शिलाई

प्रश्न : एका संस्थेतर्फे मी भायखळ्याच्या महिला तुरुंगात शिवण शिकवते. बांगलादेश, युगांडाच्या बायका वर्गात आहेत. त्यांची मायदेशी रवानगी होणार, त्यामुळे सहा महिन्यांचा कोर्स मध्येच सुटतो. शिकवावं तरी काय?
– निवृत्त शिक्षिका, दादर

उत्तर : ताई, सहा महिन्यांचा कोर्स मोडा. तीन-तीन आठवड्यांचे भाग पाडा आणि भाग संपला की लगेच प्रमाणपत्र हातात द्या. रवानगीची तारीख तुम्हाला आधी कळणार नाही. शिक्षा भोगून झाली तरी दूतावास नागरिकत्वाची खात्री करून प्रवासाचा कागद देईपर्यंत बाईला बहुधा तुरुंगाबाहेर दुसऱ्या ठिकाणी ताब्यात ठेवतात, आणि तिथे तुमचा वर्ग पोहोचत नाही.

ब्लाउज, फॉल-पिकोवर थांबू नका. ढाक्याच्या कपड्याच्या कारखान्यात ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारं मशीन) येणारी बाई लागते. युगांडात दुकानाच्या ओट्यावर पायमशीन मांडून बसायचं, तर मापं घेणं, कापणं आणि मशीनची दुरुस्ती यायला हवी. शिलाईच्या खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळ्या जणी बॉबिनला दोष देतात. बहुधा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेला नसतो. कापड दाबणारा मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवायला लावा.

तुरुंगात सुया-कात्र्या मोजून देतात, मोजून घेतात. याचा जाच वाटू देऊ नका. निर्यातीच्या कारखान्यातही मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधून वहीत चिकटवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. तशीच वही तुमच्या वर्गात ठेवा.

खरा घोळ कागदात होतो. अटकेच्या नोंदीत नाव एक, पासपोर्टवर दुसरं. प्रमाणपत्रावर पासपोर्टमधलंच स्पेलिंग हवं. पासपोर्ट नसेल तर दूतावासाच्या कागदातलं. शिकलेले तास आणि मशीनचा प्रकार लिहा, तुरुंगाचं नाव घालू नका. मूळ प्रत तिच्या जमा सामानाच्या यादीत नोंदवून घ्या, एक प्रत वकिलाकडे द्या. पोलीस घेऊन जातात तेव्हा घाईत कागद मागेच राहतात. मजुरीचे साठलेले पैसेही बाहेर पडण्याआधी मागायला सांगा.

कच्च्या कैद्यांवर काम सक्तीचं नाही, म्हणून त्यांची मर्जी विचारा. कोर्टाच्या तारखेला बुडालेला तास भरून काढा. शिकल्याने रवानगी टळेल, असं मात्र चुकूनही सुचवू नका. त्यासाठी वकील हवा, आणि कोठडीतल्या कुणालाही, परदेशी असली तरी, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली तो मोफत मागता येतो. अर्ज तुरुंगाच्या कार्यालयातूनही देता येतो. वर्गातल्या किती जणींना हे माहीत आहे, ते उद्याच विचारा.