उलटतपास आरशासमोर शिकता येतो का?

कायद्याच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न बरेच दिवस साठले होते. त्यातले खटल्याच्या कामाबद्दलचे, आणि कुणी शिकवायची वाट न बघता स्वतः काहीतरी करू पाहणाऱ्यांचे प्रश्न आज एकत्र घेते.

प्रश्न : मॅडम, मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात मूट कोर्ट (सरावाचं नकली कोर्ट) होतं, पण त्यात अपिलाचा युक्तिवादच असतो, साक्षीदार कुठेच नसतो. खटला चालवायला शिकायचं तर स्वतःचा स्वतः काय प्रकल्प करता येईल?

तक्रार रास्त आहे. अपिलात पुरावा आधीच कागदावर आलेला असतो. खटल्यात तो तुमच्यासमोर कागदावर येतो, किंवा यायचा राहून जातो. हे राहून जाणं ओळखायला शिकणं म्हणजे निम्मं काम.

मी सुचवीन तो प्रकल्प बिनखर्चाचा आहे : निकालपत्र अर्धंच वाचायचं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयांचे निकाल बघायला मिळतात. त्यातला एक साधा फौजदारी निकाल घ्या. खून नको, चोरी घ्या. सरकार पक्षाची हकिकत, साक्षीदारांची आणि निशाण्यांची (पुराव्यात दाखल झालेल्या कागदांची) यादी इथवर वाचा. 'मुद्दे', 'निष्कर्ष' आणि 'कारणमीमांसा' सुरू झाली की थांबा आणि एक तक्ता करा. चोरी म्हणजे काय, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे : वस्तू जंगम हवी, दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, संमती नको, हेतू अप्रामाणिक हवा, आणि ती हलवलेली हवी. प्रत्येक घटकासमोर लिहा की हे कोणता साक्षीदार सांगणार, कोणती निशाणी दाखवणार आणि बचाव पक्ष कुठे बोट ठेवणार.

समजा चोरी मोबाइलची आहे आणि तो आरोपीने काढून दिला असं पोलिसांचं म्हणणं आहे. मेमोरँडम पंचनाम्यात, म्हणजे पंचांसमोर (पोलिसांनी बोलावलेल्या साक्षीदारांसमोर) आरोपीचं म्हणणं लिहून घेतलेल्या कागदात, वाक्य असतं : 'मी चोरलेला मोबाइल घरात पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे, तो काढून देतो.' यातलं काय पुराव्यात येईल? पोलिसांसमोरची कबुली येत नाही. तिच्यामुळे जी वस्तू सापडली तिच्याशी थेट संबंध असलेला भागच येतो. पूर्वी हे साक्ष कायद्याच्या कलम २७ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात) आहे. पेन्सिल घ्या आणि 'मी चोरलेला' या दोन शब्दांवर रेघ मारा. ही रेघ एकदा स्वतःच्या हाताने मारली की ते कलम पाठ करावं लागत नाही.

मग पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. पंच फितूर झाला तर? पंचनामा तेवढ्याने बाद होत नाही, तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्यावरूनही तो शाबीत होऊ शकतो. मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेली वस्तू, सीलबंद केला होता का? लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का? तक्ता पुरा झाला की उरलेला निकाल वाचा आणि न्यायाधीशांना दिसलेलं तुम्हाला काय दिसलं नाही ते लाल शाईने लिहा. मी असा पहिला तक्ता केला तेव्हा चोरी, जप्ती, पंच सगळं भरलं होतं. सापडलेला मोबाइल फिर्यादीचाच आहे हे कोण सांगणार, तो रकाना मात्र कोरा होता. बिलावरचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पंचनाम्यातल्या क्रमांकाशी आकड्याला आकडा लावून बघायचा असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

असे दहा तक्ते झाल्यावर परिस्थितीजन्य पुराव्याच्या, म्हणजे गुन्हा होताना कुणी पाहिला नाही अशा, खटल्याकडे वळा, आणि त्याआधी शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. साखळी पूर्ण आहे की नाही हे तपासायच्या त्यातल्या पाच कसोट्या आजही रोज वापरात आहेत.

प्रश्न : तीन दिवस कोर्टात जाऊन बसलो. नुसत्या तारखा पडतात. निरीक्षणाची वही भरायची कशी?

तीन दिवसांत कंटाळलात म्हणजे चुकीच्या खोलीत बसलात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांचं निरीक्षण हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्याला ३० गुण आहेत. बरेच जण ती वही मागच्या वर्षीच्या मित्राच्या वहीवरून उतरवून काढतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही निदान गेलात.

सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघा. ज्या प्रकरणासमोर 'पुरावा' असा टप्पा लिहिला आहे तेवढी टिपून घ्या आणि बेंच क्लार्कला नम्रपणे विचारा की साक्षीदार आलाय का. नसेल तर दुसऱ्या कोर्टात जा. कोर्ट खुलं असतं, त्यामुळे मागे बसायला कुणाची परवानगी लागत नाही. बलात्काराचे आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले मात्र बंद दाराआड चालतात, तिथे थांबू नका. आणि मोबाइलवर रेकॉर्डिंगचा विचारही करू नका.

वहीत तीन रकाने पाडा : वकिलाने काय विचारलं, साक्षीदार काय बोलला, न्यायाधीशांनी काय लिहून घेतलं. तिसरा रकाना कुणी करत नाही आणि खरा धडा त्यातच असतो. साक्षीदार म्हणतो, "मला वाटतं, तो हाच होता." टंकलेखकाकडे मजकूर जातो : 'तो आरोपीच होता.' जागा असलेला वकील लगेच उठतो, "साहेब, साक्षीदार 'वाटतं' म्हणाला." नसलेला पुढचा प्रश्न विचारतो. अपिलात 'वाटतं' हा शब्द शोधून सापडणार नाही.

प्रश्न : मला उलटतपास, म्हणजे समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं, शिकायचा आहे. आरशासमोर सराव करते, मैत्रिणीला साक्षीदार बनवते, पण सगळं नाटकासारखं होतं. काय चुकतंय?

मैत्रीण तुमच्या बाजूची आहे, हे चुकतंय. तिला कुठे अडखळायचं ते माहीत असतं. आरसा तर आपल्याला हवं तेच दाखवतो.

त्यापेक्षा उलटा रस्ता धरा. आपल्याकडे साक्ष बहुधा निवेदनाच्या रूपात लिहिली जाते, प्रश्न गळून पडतात आणि उत्तरं उरतात. ज्यांच्याकडे इंटर्नशिप करता त्या वरिष्ठांना विचारून, नावं खोडून, जुन्या निकाली प्रकरणातली एक साक्ष मिळवा. उलटतपासाचा भाग काहीसा असा असतो :

'घटनेच्या वेळी अंधार पडला होता हे खरे आहे. आरोपीला मी त्यापूर्वी ओळखत नव्हतो. रस्त्यावरचा दिवा चालू होता असे मी पोलिसांना सांगितले होते. तसे माझ्या जबाबात का लिहिलेले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.'

आता प्रत्येक वाक्यामागचा प्रश्न लिहून काढा. लक्षात येईल की पहिले दोन प्रश्न असे होते की उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच यावं. 'कसं' आणि 'का' नव्हतं. उलटतपासात सूचक प्रश्न, म्हणजे हवं ते उत्तर सुचवणारे प्रश्न, चालतात, ती सवलत सोडून 'मग तुम्ही ओळखलं कसं?' असं विचारणारा वकील साक्षीदाराला व्यासपीठ देतो. नवशिक्यांच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान या एका जादा प्रश्नाने होतं.

मग न विचारलेला प्रश्न शोधा. वरच्या साक्षीत साक्षीदार आरोपीला ओळखत नव्हता. मग ओळख परेड, म्हणजे इतरांमध्ये उभं करून आरोपीला ओळखायला लावणं, झाली होती का?

आणि 'कारण मला सांगता येणार नाही' या वाक्यावर थांबा. कोर्टात हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की ते पोकळ वाटायला लागतं, पण त्याच्या पोटात अख्खी प्रक्रिया आहे. पोलिसांसमोरचा जबाब हा स्वतः पुरावा नाही, तो साक्षीदाराला खोडून काढण्यापुरता वापरता येतो. महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते. १९५९ च्या तहसीलदार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची मर्यादा आखून दिली. जबाबात एखादं वाक्य असेल आणि साक्षीदार ते नाकारत असेल, तर तो मजकूर त्याला दाखवून 'अ ते अ' अशी खूण करून घ्यायची. पण एवढ्याने ते शाबीत होत नाही. जबाब नोंदवणारा अधिकारी पिंजऱ्यात आला की त्याला विचारावं लागतं. तो प्रश्न विसरला की आधीची सगळी मेहनत वाया. म्हणून तुमच्या सरावात तपास अधिकाऱ्याचा उलटतपास वेगळ्या कागदावर लिहा, आणि प्रत्येक विसंगतीपुढे त्याच्यासाठीचा प्रश्न जोडून ठेवा.

एक आगाऊपणाचा सल्ला : महिनाभर उलटतपास बाजूला ठेवून सरतपासाचे, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारायचे, प्रश्न लिहा. तिथे सूचक प्रश्न विचारता येत नाहीत. 'त्याने चाकू काढला ना?' हे न विचारता साक्षीदाराच्या तोंडून चाकू बाहेर काढून दाखवा. मैत्रीण इथे उपयोगी पडेल. प्रश्न सूचक झाला की तिने हरकत घ्यायची.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे असतील तर? यावर प्रकल्प करायचा आहे.

स्वतःचंच एखादं निरुपद्रवी संभाषण घ्या आणि ते कोर्टात दाखल करायचंय असं समजून सगळे कागद तयार करा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे : भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली तिची खूण, लिहायचं असतं. एका फाइलचं हॅश काढा, फाइलमधला एक स्वल्पविराम बदला आणि पुन्हा काढा. मूल्य पार बदललेलं दिसेल. ते बघितल्यावर अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातला २०२० चा निकाल वाचा, प्रमाणपत्राचा आग्रह कशासाठी ते कळेल. तो जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब वरचा आहे, तरी वाचा.

प्रश्न : नवे कायदे आले, मग जुनी कलमं कशाला शिकायची? आणि ओळखीच्या माणसाची खरी केस सरावासाठी घेतली तर चालेल का?

१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू आहे, आणि तसे खटले अजून पुष्कळ वर्षं चालतील. वहीच्या डाव्या पानावर जुनं कलम, उजव्या पानावर नवं.

खऱ्या केसचं म्हणाल तर नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसताना कुणाची बाजू मांडता येत नाही, आणि ओळखीच्या माणसाला दिलेला अर्धवट सल्ला त्याला महागात पडतो. वरिष्ठांच्या फाइलमधली माहितीही गोपनीय असते. त्या फाइलचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकणारा इंटर्न दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात नसतो.