बंद विमानात इबोलाचा पेशंट, मग बाकीच्यांना लागण कशी नाही झाली?

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी नर्सिंगला आहे. तिला शिकवताना सांगितलं की इबोला झालेल्या डॉक्टरला विमानाने अमेरिकेला नेलं होतं. बंद विमानात पायलट, नर्स यांना कसं काही झालं नाही? आपल्याकडे अशी सोय आहे का? मुलीला उद्या असलं काम करावं लागलं तर, म्हणून जीव घाबरा होतो. – एक आई, सातारा

उत्तर: ताई, खरंय ते. ऑगस्ट २०१४ मधे लायबेरियातल्या मोनरोव्हियाहून त्या डॉक्टरना अटलांटाच्या एमरी हॉस्पिटलला आणलं, फिनिक्स एअर कंपनीच्या छोट्या गल्फस्ट्रीम जेटने. विमानात धातूचा सांगाडा आणि त्याच्या आत पारदर्शक प्लास्टिकचा तंबू, पेशंट त्यात. तंबूतली हवा मशीन सतत ओढून घेतं आणि हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीतून, गाळून मगच सोडतं, त्यामुळे आतला दाब कायम कमी राहतो. स्वयंपाकघरात दारं लावून एक्झॉस्ट फॅन चालू केला की फटीतून हवा आतच येते ना, तसंच, म्हणजे कुठे बारीक भोक पडलं तरी हवा आत जाणार, बाहेर नाही. तंबूत एका वेळी एकच पेशंट मावतो म्हणून दुसऱ्या पेशंटसाठी विमान परत लायबेरियाला गेलं, आणि प्रवास झाला की तंबूचं प्लास्टिक सरळ जाळून टाकतात.

पण इबोला मुळात हवेतून नाही, रक्त, उलटी, जुलाब यांच्या संपर्कातून होतो, त्यामुळे खरा धोका पीपीई सूट, म्हणजे अंगभर घालायचा संरक्षक पोशाख, काढताना. बाहेरून माखलेला ग्लोव्ह चेहऱ्याला लागला की संपलंच, म्हणून समोर एकजण नुसता बघायला उभा असतो आणि तो सांगेल तसंच एकेक काढायचं, कितीही दमला असाल तरी. त्याच वर्षी डॅलसमधे दोन नर्सना लागण झाली ती जमिनीवरच्या हॉस्पिटलमधे, विमानात नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे हवाई दलाने २०२० मधे कोविडच्या वेळी 'अर्पित' नावाचा पॉड, म्हणजे पेशंटला ठेवायची बंद पेटी, बनवला. तोही कमी दाबाचा, हेपा फिल्टरवाला, व्हेंटिलेटर जोडता येतो, आणि खर्च तेव्हा साधारण ६० हजार रुपये आला, बाहेरून आणला असता तर ६० लाखांपर्यंत गेला असता. अभिमान वाटावा असंच काम आहे ते.

मुलीला अडवू नका हो. तिला म्हणावं सूट काढायची प्रॅक्टिस आत्तापासूनच कर, मैत्रिणीला समोर उभं करून, आणि तिने थांब म्हटलं की हात जिथल्या तिथे थांबले पाहिजेत.