मोटारसायकलची एजन्सी: गिऱ्हाईक आहे, पगाराचं बघा

तुम्ही विचारलंय की बीड जिल्ह्यात हायवेला लागून वडिलांची जागा आहे, तिथे मोटारसायकलची एजन्सी टाकावी की चारचाकीची. आणि आता जो तो कार घेतोय तर मोटारसायकल खपेल का. मी शेजारच्या लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, पंधरा-सोळा वर्षं दुचाकीचं शोरूम चालवतोय. मध्ये साडूबरोबर चारचाकीत भागीदारी करून हात पोळून घेतलेत. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

मागणीची काळजी तुम्ही नको तितकी करताय. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाखांच्या आसपास दुचाकी खपल्या, २०२१-२२ ला तो आकडा १ कोटी ३५ लाखांवर आला आणि २०२४-२५ ला परत १ कोटी ९६ लाखांपर्यंत चढला. गिऱ्हाईक कुठे गेलं नव्हतं, थांबलं होतं. सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरायची सक्ती आली, पुढच्या वर्षी सीबीएस-एबीएस ही सुरक्षित ब्रेकची यंत्रणा, एप्रिल २०२० ला बीएस-६ म्हणजे धुराचे कडक नियम. प्रत्येक वेळी गाडी महागली. आमच्याकडचा माणूस गाडीची किंमत रुपयांत धरत नाही, सोयाबीनच्या कट्ट्यांत धरतो. कोटेशन हातात घेऊन मनातल्या मनात भागाकार करताना ओठ हलतात, ते मी रोज बघतो. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर पट्टी त्याच्या खाली होत होती. त्या साली भागाकार काही जमेना.

मागच्या वर्षीचं ऐका. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक ‘नुसतं बघून जातो’ म्हणायला लागले. गणपती तसेच गेले, मग पितृपक्ष. २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेला, ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा कर २८ वरून १८ टक्के झाला. ६० हजार मूळ किमतीची गाडी ७६,८०० ची ७०,८०० ला आली. आम्ही मांडव घातला, पेढे आणले. आणि त्याच आठवड्यात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो तुम्हाला बीडचा म्हणून मी सांगायला नको. एक गृहस्थ बुकिंगची पावती घेऊन आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने वाळलेली. म्हणाले, “पैसे परत मागत नाही शेठ, पण दसऱ्याची गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या.” त्यांचं नाव वहीत तसंच ठेवलं. दसरा-दिवाळीला गाड्या गेल्या, पण घेणारे बहुतेक पगारदार, दुकानदार, सेंट्रिंगवाले.

चारचाकीत आकडे डोळे दिपवतात. २०१८-१९ ला ३३-३४ लाख, २०२४-२५ ला ४३ लाख, आणि त्यातल्या जवळपास ६५ टक्के एसयूव्हीच्या वर्गातल्या. पण हा खप आधी कंपनीचा असतो, डीलरचा नंतर. कंपनीच्या हिशेबी गाडी विकली जाते ती डीलरच्या नावाने बिल फाडलं की. महिन्याच्या ३० तारखेला आम्ही न मागितलेल्या रंगाच्या, न मागितलेल्या व्हेरियंटच्या गाड्या ट्रेलरवरून उतरायच्या. दहा लाखांची गाडी दहा टक्के व्याजाने उभी असेल तर महिन्याला आठ हजारांवर खाते. डीलरांच्या संघटनेने, फाडाने, सप्टेंबर २०२४ च्या आकड्यांत सांगितलं होतं की देशभरात ८०-८५ दिवसांचा स्टॉक पडून आहे, ७९ हजार कोटींचा. फाडाच्याच मते तो २१ दिवसांचा असावा. आमची भागीदारी त्याआधीच मोडली, हे नशीब. साडूशी बोलणं अजून चालू आहे, हे दुसरं नशीब.

आता मूळ दुखणं: माणसं. तुमच्या प्रश्नात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. सेल्समन, काउंटरवरच्या मुली, पासिंगसाठी आरटीओला पळणारा पोरगा, अकाउंटंट, स्पेअरवाला, वॉशिंगवाला, मेकॅनिक, हेल्पर, वॉचमन. कंपनी करारातच सांगते की इतकी माणसं आणि या पदांची हवीत. पगार ही फक्त सुरुवात. वीस माणसं झाली की पीएफ, म्हणजे मालकाचे १२ टक्के आणि वर ॲडमिनचा खर्च, दिवाळीला बोनस. त्याच्याही आधीपासून २१ हजारांपर्यंतच्या पगारावर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, सव्वातीन टक्के. आमच्या धंद्यात हजेरीपटावर एकोणीस माणसं असलेली शोरूम इतकी का दिसतात, ते यावरून ओळखा. तसलं करू नका, एक तक्रार झाली की मागचं सगळं व्याजासकट भरावं लागतं.

विक्री ऑक्टोबरमध्ये चौपट होते आणि ज्येष्ठात बसते. पगार मात्र दर महिन्याच्या सात तारखेला. म्हणून नव्या गाडीच्या मार्जिनवर माणसं पोसायची हा हिशेब कागदावरच जमतो. माझ्याकडे पगार निघतात ते ऑइल, क्लच प्लेट, चेन सेट आणि लेबरवर. शोरूमचा दिवा वर्कशॉपच्या तेलावर जळतो म्हणा. इलेक्ट्रिक स्कूटरची मला धास्ती आहे ती याचसाठी. ती खपेल, पण तिचं ऑइल बदलायचं नसतं.

आणि मेकॅनिक टिकत नाही. आयटीआयचा पोरगा घ्या, कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवा, दोन-तीन वर्षांत हात बसला की नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकतो. माझे असे चार गेले. पहिल्या वेळी मी महिनाभर बोललो नाही. चौथ्याच्या गॅरेजचा नारळ मीच फोडला आणि स्पेअरचं खातं उघडून दिलं. आज काउंटरवरचा माझा सगळ्यात मोठा उधारीवाला तोच, आणि वेळेवर देतो.

तेव्हा घ्यायचीच तर दुचाकीची घ्या. शोरूमचा नकाशा कंपनी देईल. त्यात पुढची काच, टाइल्स, लायटिंग यावर जोर असेल आणि वर्कशॉप मागे कोपऱ्यात दाबलेलं असेल. सहीच्या आधी तिथे भांडा. दोन बे, म्हणजे गाडी दुरुस्तीला लावायच्या जागा, जास्त आणि पाण्याची टाकी मोठी मागा, आपल्याकडे उन्हाळ्यात वॉशिंग बंद पडतं ते पाण्यावाचून.