पुढच्या ब्रेकची भीती

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी आरटीओत आठ काढून बाइकचं लायसन्स मिळालं. पण घाईत ब्रेक मारला की मागचं चाक सरकतं आणि पुढचा ब्रेक दाबायला हातच धजत नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी ही भीती काढून टाका, कारण ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं म्हणूनच ते सरकतं आणि गाडी थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो गचकन ओढायचा नाही, लिंबू पिळतो तसा हळूहळू दाब वाढवायचा, सोबत मागचा हलका, हँडल सरळ आणि नजर लांब, चाकाकडे नाही.

रविवारी सकाळी रिकामं, कोरडं, डांबरी किंवा सिमेंटचं मैदान शोधा (मातीवर नको, पुढचं चाक घसरेल). खडूने रेघ मारा, १५ च्या स्पीडने या, रेघेवर ब्रेक लावा आणि रेघेपासून किती पावलांवर थांबता ते मोजा, मग ३०. स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर साधारण चौपट होतं, हे तिथे पावलांनी मोजलं की कायमचं डोक्यात बसतं. हाफ क्लचवर (क्लच अर्धाच सोडून) गोगलगायीसारखी गाडी चालवायचीही प्रॅक्टिस करा, ट्रॅफिकमध्ये तेच लागतं. आणि हेल्मेट मैदानातसुद्धा, पट्टा लावूनच हं!