ग्राफ बघितला की डोकंच बंद पडतं

"मॅडम, मी दहावीपासून गणितात कच्ची, ग्राफ समोर आला की डोकंच बंद पडतं, मला नाही जमणार हे." आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, जिच्या रायटिंगमध्ये एक ग्राफ किंवा चार्ट शब्दांत मांडायचा असतो, ती देणाऱ्यांकडून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा "ग्रा" म्हणाला की मला पुढचं कळतं. बीकॉमवाले म्हणतात, हॉटेल मॅनेजमेंटवाले म्हणतात, आणि नर्सिंगवाल्या तर हमखास. त्यातल्याच एका सिस्टरची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं गाळून.

सांगली-मिरजेकडच्या, वय तिशीच्या पुढे, आठ-नऊ वर्षं वॉर्डात काढलेल्या. युकेला जायचं होतं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगमध्ये ९ पैकी ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. यांना बाकी सगळ्यात ७ च्या वर, आणि रायटिंगला दोन्ही वेळा ६. दर वेळची फी हजारांत, त्यात घरात सासूबाईंचं "अजून किती परीक्षा देणार" चालू, त्यामुळे माझ्याकडे आल्या तेव्हा अर्धं रडून झालेलंच होतं.

मी म्हटलं, आधी गणिताची भीती बाजूला ठेवा, माझ्यासमोर एक चार्ट लिहून दाखवा. चार्ट मीच काढला, २००१ आणि २०११ च्या जनगणनेतली साक्षरता (२०११ चे प्राथमिक आकडे), पुरुष ७५.२६ वरून ८२.१४ टक्के आणि महिला ५३.६७ वरून ६५.४६, बास, चारच बार. यात कसलं गणित? पण सिस्टरांनी ३८ मिनिटं घेतली आणि जवळपास २३० शब्द लिहिले! चारही आकडे दशांशासकट दोन-दोनदा, मग महिला मागे का याची कारणं, मग सरकारने काय करायला हवं, आणि शेवटी ऐटीत "इन कन्क्लूजन".

आता दुखणं कुठे होतं बघा. पूर्ण रायटिंगला मिळून ६० मिनिटं असतात, चार्टला त्यातली २० द्या आणि किमान १५० शब्द लिहा असं सांगितलेलं असतं, उरलेली ४० दुसऱ्या टास्कच्या निबंधाला, किमान २५० शब्द, आणि निबंधाचं वजन चार्टच्या दुप्पट. या बाई चार्टलाच ३८ घालवणार म्हणजे निबंध २२ मिनिटांत उरकणार, मग ६ च्या पुढे जायचं कसं? म्हणजे ग्राफची भीती खरी होती पण मार्क जात होते बहुतेक निबंधात, आणि हे त्यांना दोन परीक्षा झाल्या तरी कुणी सांगितलं नव्हतं, क्लासवाल्यांनी नुसत्या "वाढलं"साठी वीस शब्दांची यादी पाठ करून घेतली होती. (या याद्यांवर माझा राग आहे. स्कायरॉकेटेड, म्हणजे गगनाला भिडलं, हा शब्द ७ टक्क्यांच्या वाढीला लावलेला वाचून माझे डोळे दुखलेत.)

मग मी त्यांना विचारलं, सिस्टर, नाइट संपवून सकाळी ओव्हर देता, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देता, तेव्हा काय सांगता?

"हेच की बेड चारचा ताप रात्री १०२ होता, पहाटेपासून उतरतोय, बेड सातच्या बीपीवर लक्ष ठेवा, बाकी सगळे स्टेबल."

टीपीआर चार्टवरचे, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदींचे, सगळे आकडे वाचून दाखवता का?

"छे, तेवढा वेळ कुणाला असतो मॅडम." आणि म्हणता म्हणता थांबल्या. मी काहीच बोलले नाही, म्हटलं उमजू दे.

ओव्हरव्ह्यू म्हणतात तो हाच. सगळ्यात मोठं काय बदललं, कोण वर कोण खाली, वेगळं काय दिसतंय, दोन वाक्यांत. नुसते आकडे ओळीने मांडलेत, हे वर्णन परीक्षकांच्या जाहीर निकषांत बँड ५ च्या, म्हणजे ५ मार्कांच्या, रकान्यात आहे, ६ पासून पुढे ओव्हरव्ह्यू हवाच. आणि ताप का आला ते ओव्हर देताना तुम्ही अंदाजाने ठोकून देत नाही, तसंच चार्टमध्ये नसलेलं कारण लिहायचं नाही. मत नाही, सल्ला नाही, निष्कर्षाचा परिच्छेद पण नाही.

त्याच चार्टवर मी हाताने आकडे झाकले आणि म्हटलं, मराठीत ओव्हर द्या. म्हणाल्या, "दोघंही वाढले, बायका जास्त वाढल्या, फरक कमी झाला पण पुरुष अजून पुढेच." झालं की! आकडे उघडून एकच गोष्ट जोडली, फरक साधारण २२ वरून १७ वर आला.

भाषेतली एक खोड मात्र चिवट निघाली. पुरुषांची साक्षरता "रोझ टू ७" असं त्यांनी लिहिलं होतं, म्हणजे ७ टक्क्यांवर पोचली! मराठीत ही चूक त्या जन्मात करणार नाहीत, ८२ वर गेली आणि ७ ने वाढली, यात आपला गोंधळ होतो का? "वर" आलं की टू, "ने" आलं की बाय, एवढंच वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं. शिवाय ते ७ म्हणजे पर्सेंटेज पॉइंट्स (दोन टक्केवारींमधला फरक), नुसते पर्सेंट नाहीत, ७५ च्या मानाने बघितलं तर वाढ ९ टक्क्यांची होते. हे ऐकून त्या परत घाबरल्या, म्हणून तो विषय मी आठवडाभर काढलाच नाही, माझीच घाई झाली होती.

पुढचे दीड महिने रोज एक चार्ट, मोबाइलवर २० मिनिटांचा गजर, पहिली तीन मिनिटं पेन खाली आणि तोंडाने मराठीत ओव्हर. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. पहिल्या आठवड्यात रोज अर्धंच राहायचं, एकदा चिडून मेसेज आला की तुमच्या गजरामुळे माझं अजून वाईट होतंय. तिसऱ्या आठवड्यात १६५-१७० शब्दांत बसायला लागलं. बाकी वेळ आम्ही निबंधावरच घालवला, ती वेगळी रडकथा आहे.

तिसऱ्या वेळी रायटिंगला ६.५ आले.

दोन दिवसांनी परत मेसेज: "मॅडम, आता सीबीटी, ती नर्सिंग कौन्सिलची कॉम्प्युटरवरची परीक्षा, द्यायची आहे, तिचा पहिला भागच न्यूमरसीचा, म्हणजे आकडेमोडीचा आहे म्हणे, १५ प्रश्न, माझं गणित कच्चं आहे हो." मी विचारलं, काल ड्युटीवर किती सलाइन्सचे थेंब हिशोब करून बसवले? बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत राहिलं, आणि मग आलं, "अकरा."