पायलट व्हायचंय, पण पगार कुठल्या देशात घ्यायचा?

बारावी झाली, सीपीएल (पगारी पायलटला लागणारा कमर्शियल परवाना) अमेरिकेत करू की भारतात, आणि अमेरिकेत केलं तर तिथल्याच एअरलाइनमध्ये लागता येईल का, असं तू विचारलं आहेस. त्यासाठी बाबा प्लॉट गहाण ठेवायला तयार आहेत हेही लिहिलंस. ते वाचलं आणि चार ओळींत उत्तर द्यायला मन धजेना. मी सांगलीची. अमेरिकेत फिनिक्सला विमान शिकले, इथेच काही वर्षं इन्स्ट्रक्टर होते, आता एका छोट्या एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे.

शाळांची माहितीपत्रकं आधी बाजूला ठेव. नोकरी कुठल्या देशात करायची ते ठरव, बाकी सगळं त्यावरून ठरतं. परवाना त्या देशाचा लागतो, आणि तिथे काम करायचा हक्क वेगळा लागतो. हा दुसरा भाग एजंट सांगत नाहीत. मला इथली नोकरी मिळाली ती लग्नानंतर ग्रीन कार्ड आलं म्हणून. माझ्याबरोबर शिकलेली, माझ्याहून चांगलं विमान उतरवणारी मुलं तेवढ्यासाठी परत गेली.

अमेरिकेत सीपीएल मिळालं म्हणजे एअरलाइनचं दार उघडलं असं होत नाही. २००९ मध्ये बफेलोजवळ विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला साधारण १५०० तास लागतात. विमानशास्त्राची पदवी असेल तर थोडी सूट आहे. तुझे सीपीएलला होणार २००-२५०. उरलेले तास बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होऊन भरतात, म्हणजे त्यासाठी कामाची परवानगी हवी. एम-१ आणि एफ-१ हे विद्यार्थ्यांचे व्हिसा; एम-१ वर ती शिक्षणानंतर जेमतेम काही महिने मिळते, एफ-१ वर साधारण वर्षभर. पुढे एखादी एअरलाइन आपल्यासाठी व्हिसा करेल, या भरवशावर एक रुपयाही लावू नकोस. युरोपातही हक्काचा प्रश्न हाच, वर थिअरीचे १३ पेपर.

तेव्हा तुझ्यासाठी खरा पर्याय म्हणजे भारतात नोकरी. शिकायचं इथे अमेरिकेत की तिथे भारतात, एवढंच उरतं. इथे शिकून परत जाणारे पुष्कळ आहेत आणि ते चुकीचं मुळीच नाही, पण लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची वही, पहिल्या दिवसापासून डीजीसीएच्या (भारतात परवाना देणाऱ्या सरकारी खात्याच्या) नजरेने भर. सुरुवातीला मीही परतणारच होते. सीपीएल झाल्यावर रूमवर फरशीवर लॉगबुक उघडून बसले, लाल पेन्सिल घेऊन. इथल्या नियमाने प्रायव्हेट परवाना (सीपीएलच्या आधीचा, बिनपगारी उडवण्याचा) मिळाल्यावर शेजारी इन्स्ट्रक्टर शिकवत असला तरी विमान मी चालवतेय म्हणून तो वेळ पीआयसीत, म्हणजे विमानाची मुख्य पायलट म्हणून, लिहिता येतो. भारतात तो डुअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबर शिकण्याचा. एकेक ओळ खोडत गेले आणि लागणाऱ्या १०० पीआयसी तासांपैकी ८३ उरले. सतरा तास परत स्वतःच्या पैशाने उडाले. त्या रात्री माझ्या बाबांना फोन करायची हिंमत झाली नव्हती. तीच गत एकूण तासांची: इथे काही मान्यताप्राप्त कोर्स १९० तासांत संपतात, भारतात २०० लागतात.

शाळा जो आकडा सांगते तो कमीत कमी तासांचा असतो. प्रायव्हेट परवान्याला नियमाने ४० तास पुरतात, पण प्रत्यक्षात बहुतेकांना ६०-७० लागतात. शिवाय बिल हॉब्स मीटरवर होतं. इंजिन चालू झालं की तो फिरायला लागतो, दर सहा मिनिटांना एक दशांश तास. डिअर व्हॅली विमानतळावर सकाळी रनवेच्या तोंडाशी पाच-सहा सेसना, म्हणजे शिकण्याची छोटी विमानं, रांगेत उभ्या असतात. आपला नंबर येईपर्यंत ०.३ झालेले, चाकं अजून जमिनीवरच. आणि ते पैसे डॉलरमध्ये. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की हवा विरळ होते, सेसना १७२ दोन माणसं घेऊन रडतरखडत चढते. म्हणून आम्ही पहाटे साडेचारला विमानाची तपासणी करायचो, टॉर्च लावून. तरी वर्षातले बहुतेक दिवस आकाश मोकळं असतं, तास भराभर होतात, हा इथला खरा फायदा.

भारतात बारामती, गोंदिया, धुळे इथे शिकता येतं. पावसाळ्यात आणि विमानं दुरुस्तीला गेली की महिनेच्या महिने जातात. पण परवाना थेट डीजीसीएचा मिळतो, नंतर रूपांतराची धावपळ नाही. तिथल्या शाळेत जाऊन एकच विचार: गेल्या वर्षी लागलेल्या मुलांपैकी किती जणांचे २०० तास झाले? ऑफिसात विचारू नकोस, हँगरबाहेर बसलेल्या मुलांना विचार.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: सगळी फी एकदम भरायची नाही. माझ्या एका मैत्रिणीने सूट मिळते म्हणून पूर्ण रक्कम दिली आणि चार महिन्यांत त्या शाळेला कुलूप लागलं. टप्प्याटप्प्यानेच भर. सीपीएलनंतर एअरबस ३२० चं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण) आणि नोकरी लागेपर्यंतचा काळ, याचे पैसे आधीच वेगळे धरा. त्यासाठीही कर्जच काढावं लागणार असेल, तर प्लॉटला हात लावू नका असं मी बाबांना तोंडावर सांगेन.

आता लगेच करायचं ते मेडिकल. आधी डीजीसीएचं क्लास टू, मग त्याहून कडक क्लास वन. अमेरिकेचं मेडिकल पास झालं म्हणजे भारतातलं होईलच असं नाही. चष्मा चालतो, पण रंगांची नजर तपासतात, त्यात अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. क्लास वन हातात येईपर्यंत कुठल्याही शाळेला टोकनसुद्धा देऊ नकोस. तोवर घरी बसून एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजीचा अभ्यास सुरू कर. इथून परवाना नेलास तरी हे विषय चुकत नाहीत.

मेडिकल झालं की शाळांची कोटेशनं मला पाठव. डुअल किती, सोलो (एकटीने-एकट्याने) किती, सिम्युलेटर किती, असे तास फोडून मागून घे. रविवारी मला सुट्टी असते, तुमच्या संध्याकाळी फोन करीन. बाबांनाही बसव शेजारी.