पुरात बुडालेली गाडी: दुरुस्ती की टोटल लॉस?

प्रश्न: पंचगंगेचं पाणी दोन दिवस पार्किंगमध्ये होतं. पेट्रोल हॅचबॅक सात वर्षांची, पाणी सीटच्या गादीपर्यंत आलं होतं. गाडी अजून सुरू केलेली नाही. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ३,२०,००० रुपये. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच १,१०,०००चा आकडा सांगितला. दुरुस्त करावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: सुरू केली नाहीत, हे उत्तम. आता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी क्रेनने उचलून न्या. दोरीने ओढत नेली की वाटेत कुणीतरी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून बघतोच आणि इंजिन फिरतं.

न उघडता दिलेला आकडा धरून चालू नका. आधी एअर फिल्टरचा डबा उघडायला लावा. फिल्टर कोरडा असेल, तर त्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं नाही. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर ते काढून फिल्टरसकट बदलायचं, इंजिन थोडं चालवून पुन्हा बदलायचं. पहिल्यांदा स्टार्टर मारण्याआधी स्पार्क प्लग काढून क्रँक पुली पान्याने दोन फेरे फिरवावी. पाणी असेल तर प्लगच्या भोकांतून बाहेर येईल. गिअरबॉक्सचं ऑइल आणि ब्रेक ऑइलही बदला. मागच्या ड्रममध्ये गाळ असणारच.

इंजिन यातून बहुतेक वाचतं. गाडी हाताबाहेर जाते ती वायरिंगमुळे. पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट गिअरच्या दांड्याजवळ, कन्सोलखाली, अगदी फ्लोअरला बसवलेलं असतं. वायरिंगच्या जुड्या दाराच्या उंबऱ्याला लागून कार्पेटखालून जातात. वरून कार्पेट वाळलं तरी खालचं फेल्ट ओलंच राहतं आणि काही आठवड्यांनी कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. मग एक दिवस काच खाली जाते ती वर येत नाही, सेंट्रल लॉक आपोआप उघडतं, एअरबॅगचा दिवा विझत नाही. म्हणून सीट, कन्सोल, कार्पेट, फेल्ट सगळं बाहेर काढून प्रत्येक जोड उघडून बघितल्यावरच एस्टिमेट घ्या. त्यात एअरबॅग युनिट, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे) आणि एसीचा ब्लोअर यांच्या वेगळ्या ओळी हव्यात.

आता हिशेब. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची विम्याची रक्कम देते. तुमच्या बाबतीत ती रेघ २,४०,०००. रेघेच्या आत राहिलात तर झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) आहे का ते बघा. नसेल, तर प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के, सात वर्षांच्या गाडीच्या लोखंडी भागांवर ४० टक्के घसारा तुमच्या खिशातून जातो. उघडल्यावरचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला आणि वायरिंगची जुडी बदलायची निघाली, तर आमच्या मते दुरुस्तीचा हट्ट धरू नये. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलावून एकेक भाग दाखवा आणि टोटल लॉसचा आग्रह धरा. सर्व्हे होण्याआधी एकही भाग फेकू नका.

प्रश्न: रस्त्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली, पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिन जाम झालं. विमा कंपनी इंजिनचा खर्च द्यायला तयार नाही.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराचं नसून नंतर गाडी सुरू केल्याचं, असं कंपनी म्हणते आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर घेतलेलं नसेल तर क्लेम बहुधा तिथेच अडतो. पण पॉलिसी फक्त थर्ड पार्टी नसेल, तर पाण्याने खराब झालेल्या सीट, कार्पेट, वायरिंगचा क्लेम वेगळा उभा राहतो. इंजिन आणि बाकीचं काम यांची दोन स्वतंत्र एस्टिमेट द्या, म्हणजे एकाच्या नकारात दुसरं बुडत नाही.

प्रश्न: जुनी गाडी घेताना ती पुरातली आहे हे कसं ओळखावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुणारा माणूस तिथवर जात नाही, गाळाची रेघ तिथे सापडते. सीटच्या रेलचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा आणि टॉर्च लावून डॅशबोर्डखालची लोखंडी पट्टी बघा. जुन्या गाडीत थोडा गंज चालतो. नवे चकचकीत बोल्ट किंवा कोरं कार्पेट दिसलं की विमा क्लेमचा इतिहास मागा.